जुन्या मिनी ट्रॅक्टरचं फायबर बॉनेट आणि मडगार्ड फुटलंय, रिपेअर होईल का?

रावेरचा_बागायतदार

राम राम मंडळी. आमच्याकडे केळीच्या बागेत चालवायला एक जुना छोटा ट्रॅक्टर आहे, १८ एचपीचा, वडिलांनी घेतलेला. इंजिन अजून एकदम ठणठणीत आहे, सकाळी पहिल्या सेल्फला उठतं, पण बॉडीची पार वाट लागलीय. बॉनेट आणि दोन्ही मडगार्ड फायबरचे आहेत, मूळचे पत्र्याचे कधीतरी बदलून हे बसवलेले, आणि आता या मापाचे कुठे मिळत नाहीत, जळगावला दोन-तीन ठिकाणी विचारून झालं.

नुकसान असंय की बॉनेटला हेडलाइटच्या भोकाच्या कोपऱ्यातून चीर निघालीय ती वर वीतभर गेलीय, इंजिन चालू असलं की चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात आणि तिथून पांढरी पूड खाली पडत राहते. मागे सालदाराने त्यात एम-सील भरलं होतं, ते महिनाभरात अख्खं सुटून हातात आलं. आणि उजव्या मडगार्डचा मागचा कोपरा बांबूच्या टेकूला अडकून बोल्टासकट तुटून गेला, तो तुकडा सापडलाच नाही, बागेतल्या पाचोळ्यात गेला कुठेतरी.

गावातला वेल्डिंगवाला म्हणतो पत्र्याची पट्टी लावून रिव्हेट मारून देतो. मला ते पटत नाहीये. वडील रोज संध्याकाळी या ट्रॅक्टरला फडकं मारतात, त्यावर रिव्हेटच्या पट्ट्या बघवणार नाहीत त्यांना. फायबरचं काम घरी करता येतं का, काय सामान लागतं, आणि मे महिन्याच्या या उन्हात करावं का पावसापर्यंत थांबावं? कुणी केलं असेल तर नीट सविस्तर सांगा.

---

शहादेकर

भाऊ माझ्या मते पत्र्याचंच बॉनेट नवीन बनवून घे. शहाद्याकडे ट्रॉली बनवणारे चांगले कारागीर आहेत, १८ गेजच्या पत्र्यात बेंड मारून देतात. फायबर एकदा फुटलं की फुटतच जातं.

---

यावल_मेकॅनिक

दादा आधी एक गोष्ट बघा, ते खरंच फायबर आहे की प्लास्टिक? बऱ्याच ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळ्या, कव्हरं प्लास्टिकची असतात आणि लोक सगळ्यालाच फायबर म्हणतात. पॅनल काढून मागची बाजू बघा. फायबर असेल तर मागून खरखरीत लागेल, काचेचे धागे आडवे-तिडवे पसरलेले दिसतील. प्लास्टिक दोन्हीकडून गुळगुळीत असतं आणि आत कुठेतरी पीपी नाहीतर एबीएस असं बारीक उठवलेलं असतं. तरी कळलं नाही तर सुई लाल करून आतल्या बाजूला एका कोपऱ्यात टेकवा, प्लास्टिक असेल तर वितळून सुई आत जाईल, फायबर वितळत नाही, नुसतं काळं पडतं आणि वास येतो. पीपी असलं तर त्याला रेझिन चिकटणारच नाही, सगळी मेहनत वाया जाईल. त्याला प्लास्टिक वेल्डिंग लागतं.

---

धुळ्याचा_फायबरवाला

राम राम भो. मी फायबरच्या कूलरच्या बॉड्या, बाथरूमचे दरवाजे आणि ट्रॅक्टरचे हूड बनवतो, हेच रोजचं काम आहे. तुमचं बॉनेट शंभर टक्के दुरुस्त होईल आणि बरोबर केलं तर ती जागा मूळपेक्षा मजबूत होईल. शहादेकर भाऊंचा अनुभव खोटा नाही, पण जे फायबर पुन्हा पुन्हा फुटतं ते वरवर भरलेलं असतं म्हणून फुटतं.

फायबरमध्ये ताकद काचेच्या धाग्यात असते. रेझिन ते धागे फक्त एकमेकांना धरून ठेवतं. चीर पडते म्हणजे तिथले धागे तुटलेले असतात. त्यात एम-सील भरा, अ‍ॅराल्डाइट भरा, नाहीतर कारची लांबी (पुट्टी) भरा, धागा काही जोडला जात नाही, फट तेवढी बुजते. डिझेल इंजिनचं व्हायब्रेशन असतंच, मग ते भरलेलं सुटून बाहेर येणारच. रिव्हेटचंही तसंच, पॅनलचा सगळा जोर त्या चार-सहा भोकांवर येतो आणि प्रत्येक भोकापासून नवीन चीर निघते. म्हणून जुन्या फायबरला नवीन मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) चढवून दोन्ही एकजीव करायचे, हाच खरा इलाज.

सामान लिहून घ्या. पॉलिस्टर रेझिन, जीपी (जनरल पर्पज, म्हणजे साध्या) ग्रेडचं चालेल, पण बॉनेटवर पाणी-औषध उडत असेल तर आयएसओ (आयसोफ्थॅलिक) रेझिन घ्या, ते जास्त टिकतं. हार्डनर (दुकानात एमईकेपी म्हणून मिळेल). काचेची मॅट ४५० जीएसएमची, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाची. अ‍ॅसिटोन, २ इंची स्वस्तातले ब्रश, ४० आणि ८० नंबरचा पेपर, हातमोजे, मास्क, चष्मा. कूलरवाले किंवा मूर्तीवाले जिथून माल घेतात तिथे हे सगळं सुटं मिळतं.

आता एक गोष्ट फार काळजीची. रेझिनमध्ये कोबाल्ट लागतं, ते जांभळं-निळं पाणी असतं, त्याला अ‍ॅक्सिलरेटर म्हणतात. दुकानदाराला सांगून कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन घ्या, म्हणजे घरी फक्त हार्डनर टाकायचं राहील. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, एका वाटीत नाही, एकाच चमच्याने पण नाही. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. आणि हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, म्हणून ते मोजताना चष्मा लावाच. चुकून उडालंच तर लगेच नळाखाली कमीत कमी १५ मिनिटं डोळा धुवायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.

काम असं करायचं. बॉनेट खोलून खाली घ्या, ट्रॅक्टरवर ठेवून करू नका. पहिलं साबणाने आणि मग अ‍ॅसिटोनने डिझेल-ऑइल-ग्रीस काढा, घासायच्या आधी, कारण तेलकट फायबर घासलं तर तेल धाग्यात आत शिरतं आणि मग मॅट धरत नाही. जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर लावू नका, ते रेझिनच खातं, पेपरनेच घासून काढा. मग चिरेचं टोक शोधा. टोक डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं, मागून बोटाने दाबलं की कळतं. तिथे ३ एमएमचं भोक पाडा म्हणजे चीर पुढे सरकायची थांबते. आजूबाजूला रुपयाचं नाणं टकटक वाजवत जा, जिथे आवाज भद्द येईल तिथे थर सुटलेत, तेवढा भाग पण घासून काढावा लागेल.

नंतर मागच्या बाजूने चिरेच्या दोन्हीकडे उतार काढायचा. इथे लोक आळस करतात आणि इथेच काम बिघडतं. बॉनेट ३ एमएम जाड असेल तर चिरेपासून दोन्ही बाजूंना निदान ३० ते ३५ एमएमपर्यंत घासत उतरता उतार करा, चिरेजवळ सगळ्यात खोल आणि बाहेर जाताना शून्य. ग्राइंडरला ४० नंबरची डिस्क लावून पाच मिनिटांचं काम आहे. उतार जितका लांब तितकी नव्या मॅटला धरायला जागा. चिरेच्या कडा एका लेव्हलला आणून वरच्या बाजूने सनमायकाचा तुकडा, त्यावर ब्राऊन टेप मारून, क्लॅम्पने नाहीतर स्क्रूने दाबून बसवा, म्हणजे मागून रेझिन टाकलं की पुढचा भाग सपाट येईल.

मॅट कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाडलेल्या कडेचे धागे मोकळे असतात आणि जुन्यात विरघळल्यासारखे मिसळतात. पहिला तुकडा सगळ्यात मोठा, अख्खा उतार झाकणारा, मग त्यावर लहान लहान. ४५० ची मॅट भिजून साधारण १ एमएम जाडी देते, म्हणजे ३ एमएमला तीन थर. एक फूट बाय एक फुटाच्या एका थराला साधारण १०० ग्रॅम रेझिन लागतं. ब्रशने ओढायचं नाही, ठोकायचं, उभ्या ब्रशने टपटप. कोरडी मॅट पांढरी असते, भिजली की काचेसारखी पारदर्शक होते आणि खालचं दिसायला लागतं, जिथे पांढरे ठिपके राहिले तिथे हवा आहे, तिथे परत ठोका.

उन्हाबद्दल विचारलंत तर मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, दुपारी रेझिन वाटीतच दगड होईल. पहाटे साडेपाच-सहाला काम घ्या, सावलीत. १०० ग्रॅम रेझिनला हार्डनर १ ग्रॅमच्या आसपास टाका, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा, साधारण १ मिली. लोक जास्त वेळ मिळावा म्हणून याच्याही खाली जातात, तसं करू नका, मग ते आतून कधीच पूर्ण पिकत नाही, रबरासारखं राहतं. त्यापेक्षा एकावेळी १०० ग्रॅमच बनवा आणि संपलं की दुसरं बनवा. थंडीत याच्या उलट, डिसेंबर-जानेवारीत आपल्या धुळे-जळगावला सकाळी पारा १० च्या खाली जातो तेव्हा दुपारी १२ नंतर करायचं आणि हार्डनर दीड-दोन टक्के. पावसाळ्यापर्यंत मात्र थांबू नका, दमट हवेत मॅट ओल धरते आणि काम पांढरं पडतं.

---

चोपडा_शेतकरीण

धुळ्याच्या दादांनी छान सांगितलंय, त्यात थोडी भर घालते. आमच्या मडगार्डचं काम आमच्या खळ्यातच झालं होतं म्हणून सांगते, घासायचं काम गोठ्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब करा. काचेची ती बारीक धूळ वाऱ्याने उडून चाऱ्यावर बसते, जनावराच्या पोटात जाते. आम्ही जमिनीवर पाणी मारून खाली जुनी ताडपत्री टाकली होती आणि नंतर ती ताडपत्री तशीच गुंडाळून टाकून दिली. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि अंगाला खाज सुटली तर थंड पाण्यानेच धुवा, चोळू नका. ते कपडे घरातल्या कपड्यांसोबत धुवायला टाकू नका, बाळाच्या दुपट्याला लागलं तर लेकराला त्रास.

आणि उरलेलं रेझिन वाटीत राहिलं की ते आपोआप तापतं, धूर निघतो. आमच्याकडे पराटीच्या ढिगाजवळ कुणी ती वाटी ठेवत होतं, मी बघितलं म्हणून बरं. उघड्यावर मातीत ठेवा, थंड होईपर्यंत पाणी ओता. अ‍ॅसिटोन आणि रेझिन दोन्ही पेट घेतात, तिथे बिडी-सिगारेट नाही म्हणजे नाही.

---

रावेरचा_बागायतदार

सगळ्यांचे मनापासून आभार, खासकरून धुळ्याच्या दादांचे, ताई तुमचे पण, गोठा खळ्याला लागूनच आहे आमचा, हे डोक्यातच आलं नसतं.

मेकॅनिक दादांनी सांगितलं तसं सगळं खोलून बघितलं. बॉनेट आणि मडगार्ड दोन्ही फायबर आहेत, मागून धागे स्पष्ट दिसतात. समोरची जाळी मात्र प्लास्टिक निघाली, तिच्यावर एबीएस लिहिलंय. आता बॉनेटचं समजलं पण मडगार्डचा जो कोपरा नाहीसाच झालाय तो कशावर बनवायचा? त्याला मागून टेकवायला काहीच नाही, आणि तो गोलसर वळलेला आहे. दुसरा प्रश्न, बॉनेटच्या डाव्या बाजूला सायलेन्सर जवळून जातो तिथे फायबर पिवळं-तपकिरी पडून मऊ झाल्यासारखं वाटतंय, त्याचं काय? आणि एपॉक्सी वापरलं तर जास्त पक्कं होईल असं एकाने सांगितलं.

---

धुळ्याचा_फायबरवाला

कोपऱ्यासाठी डावं मडगार्ड कामाला येईल असं वाटतं पण येत नाही, ते उलट्या हाताचं आहे, त्याचा साचा घेतला तर वळण उलटं येईल. त्यापेक्षा जुन्या डब्याचा पातळ पत्रा घ्या, उरलेल्या मडगार्डच्या वळणाप्रमाणे हाताने वाकवा आणि बाहेरच्या बाजूने चांगला चार-पाच इंच अंगावर चढवून स्क्रूने घट्ट बसवा. डाव्या मडगार्डचं कोपऱ्याचं माप पुठ्ठ्यावर काढून तो पुठ्ठा उलटा करा, तो तुमचा नकाशा. पत्र्याच्या आतल्या बाजूला ब्राऊन टेप सुरकुती न पडता लावा आणि त्यावर फरशीचं नाहीतर गाडीचं वॅक्स पॉलिश दोन-तीन हात घासून चढवा, म्हणजे नंतर पत्रा सुटून येईल. मग आतून मॅट. तुटलेल्या कडेला उतार इथे पण काढायचाच, आणि इथे तीनऐवजी चार-पाच थर द्या कारण बोल्ट तिथेच येणार आहे. माप थोडं मोठंच ठेवा, पिकल्यावर जास्तीचं हॅक्सॉच्या पात्याने कापून कानशीने गोल करा.

बोल्टाबद्दल नीट ऐका, कारण मडगार्ड टेकूला अडकलं हे खरं असलं तरी ते बोल्टाच्या भोकापासूनच का तुटलं, हे बघायला हवं. साधा वॉशर आणि घट्ट आवळलेला बोल्ट असला की सगळा हादरा त्या दहा-बारा एमएमच्या गोलात बसतो. भोक बोल्टापेक्षा २ एमएम मोठं पाडा, दोन्हीकडून रबराचा वॉशर, त्याच्यावर मोठा लोखंडी वॉशर (पत्र्याच्या शेडला वापरतात तसला रुंद), आणि नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, हादऱ्याने सैल न होणारा). नायलॉक असला की कचकचीत आवळावं लागत नाही, रबर जरा दबलं की थांबायचं. रबर बसवताना जुन्या ट्यूबचा तुकडा चालतो. हे केलं नाही तर माझं नवीन फायबर पण त्याच भोकातून चिरेल, मग नाव फायबरचं खराब.

सायलेन्सरजवळचं मऊ पडलेलं म्हणजे ते भाजलंय. जीपी रेझिन ६०-७० डिग्रीच्या वर गेलं की मऊ व्हायला लागतं. तो भाग भरून उपयोग नाही, नखाने खरवडून कडक लागेपर्यंत काढा आणि त्या जागी नवीन थर द्या. मग बॉनेट आणि सायलेन्सरमध्ये बोटभर अंतर ठेवून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा शेंगदाण्याएवढ्या स्पेसरवर उभा करा, पत्रा फायबरला चिकटवू नका, मधून हवा खेळली पाहिजे.

एपॉक्सी वाईट नाही, चिकटण्यात तर पॉलिस्टरपेक्षा पुढेच आहे. पण दोन अडचणी आहेत. ही जी आपली साधी मॅट आहे तिचे धागे एका बाइंडरने धरलेले असतात, तो बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीन नावाच्या द्रवात विरघळतो म्हणून मॅट मऊ होऊन वळणावर बसते. एपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट ताठ राहते. एपॉक्सी घ्यायचं तर विणलेलं काचेचं कापड घ्या. आणि एकदा एपॉक्सी लावलं की पुढे कधी त्याच्यावर पॉलिस्टर नीट धरत नाही, म्हणजे पुढची दुरुस्ती पण एपॉक्सीनेच. शेतातल्या बॉनेटला पॉलिस्टर पुरतं.

---

शहादेकर

धुळेकर दादा, हे वाचून पटलं. माझ्याकडे एक हूड पडलाय तडकलेला, त्याला रिव्हेटच मारले होते आणि तुम्ही म्हणता तसं खरंच रिव्हेटच्या भोकापासूनच चिरा निघाल्यात. एक विचारतो, पिकल्यावर वरून हात लावला की चिकट का लागतं? मागे कूलरच्या तळाला रेझिन मारलं होतं ते किती दिवस चिकटच होतं.

---

धुळ्याचा_फायबरवाला

जीपी रेझिनचा वरचा थर हवेला उघडा राहिला की तेवढाच चिकट राहतो, आतून ते पिकलेलं असतं. त्यासाठी शेवटच्या थरावर लगेच ओएचपीची (प्रोजेक्टरला वापरतात ती पारदर्शक) प्लास्टिक शीट टाका आणि हाताने हवा बाहेर दाबा, पिकल्यावर शीट ओढून काढली की खाली कोरडं आणि चकचकीत निघतं. नाहीतर चिकटपणा अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा आणि मग ८० च्या पेपरने घासा. न पुसता घासलं तर पेपर लगेच भरून जातो.

---

भुसावळ_पेंटर

रंगाचं मी सांगतो. मागून मॅट झाली की समोरून चिरेची रेष थोडी दिसेल, तिथे कटरने व्ही पाडून वरून एक थर ३०० ची मॅट द्यावी असं माझं मत, नुसत्या लांबीवर सोडू नये, नाहीतर दोन-तीन महिन्यांनी रंगातून रेष उमटते. त्यावर पॉलिस्टरची लांबी पातळ, जितकी कमी तितकं चांगलं, १-२ एमएमच्या वर नको. ८०, १८०, ३२० असं घोटत जायचं. मग एपॉक्सी प्रायमर, फायबरला साधा रेड ऑक्साइड लावू नका, तो लोखंडासाठी आहे. प्रायमर वाळला की उजेडात तिरपं धरून बघा, सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतील, हवेचे बुडबुडे फुटलेले. ती स्पॉट पुट्टीने भरा, ४०० आणि ६०० च्या वॉटर पेपरने पाणी मारून घोटा. वरून पीयू (पॉलियुरेथेन) रंग, हार्डनरवाला, दोन-तीन पातळ हात. भट्टीत टाकायचं नाही, उन्हातच वाळू द्या, पण दुपारच्या कडक उन्हात मारू नका, स्प्रे अंगावर बसायच्या आधीच वाळतो आणि खरखरीत दिसतो. आणि आपल्याकडे मे-जूनला संध्याकाळी वावधान सुटतं, त्याच्या आत आटपा, ओल्या रंगावर माती बसली की सगळं परत घोटायला लागतं.

जाळी एबीएसची आहे म्हणालात, तिला हा एपॉक्सी प्रायमर मारायच्या आधी प्लास्टिकचा प्रायमर लागेल. आणि अ‍ॅसिटोनने ती जाळी पुसू नका हं, एबीएस अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतं, साबणाच्या पाण्यानेच धुवा.

---

रावेरचा_बागायतदार

बरं झालं जाळीचं सांगितलंत, अ‍ॅसिटोनची बाटली आणि ती जाळी एकाच टोपलीत ठेवली होती. सामान उद्या जळगावहून आणतो. आधी मडगार्डचा कोपरा करतो, तो मागे असतो, हात बसला की मग बॉनेट. मूळ रंग लाल आहे पण उन्हाने पार विटलाय, वडिलांना विचारलं तर म्हणाले लालच पाहिजे. भुसावळच्या दादा, विटलेल्या रंगाची शेड जुळवायची की दोन्ही मडगार्ड आणि बॉनेट सगळंच नव्याने मारायचं?

---

भुसावळ_पेंटर

सगळंच मारा. विटलेला लाल जुळवायला गेलात तर आज जुळेल, दिवाळीपर्यंत वेगळा दिसेल, कारण जुना आणि नवा सारखा विटत नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागत नाही, तिथे मूळ लाल अजून जिवंत असेल, तेवढा भाग पुसून दुकानात घेऊन जा आणि त्यावरून मशीनने शेड काढून घ्या. अर्धा लिटर जास्त बनवून घट्ट झाकण लावून ठेवा, हार्डनर न टाकलेला टिकतो, पुढे कुठे खरचटलं तर कामाला येईल.